तपकिरी

औलूत जानेवारीचा सूर्य दहानंतर कधीतरी उगवतो.
तोवर तळघरातले एकशे बारा उंदीर
मी वजन करून वहीत मांडलेले असतात.
बाहेर उणे सत्तावीस.
पार्किंगमध्ये गाड्या विजेच्या वायरींना बांधलेल्या,
दावणीला जनावरं बांधावीत तशा,
रात्रभर इंजिनं कोमट राहावीत म्हणून.

डाव्या रांगेला साधं खाणं, भुशाच्या रंगाचं.
उजव्या रांगेला निळ्या गोळ्या.
निळा रंग फक्त आम्हाला ओळखू यावं म्हणून,
आत डुकराची चरबी आणि साखर.
उंदरांना ते आवडतं. खोटं कशाला बोलू,
फार आवडतं.
एकशे चार नंबरची मादी माझी पावलं ओळखते,
जाळीला पुढचे पाय टेकून उभी राहते.
हल्ली तिला उभं राहायला वेळ लागतो.

डॉक्टर रौहांनी मला पहिल्याच दिवशी दाखवलं होतं:
दोन खांद्यांच्या मध्ये,
घेवड्याच्या बीएवढी, फुलपाखरासारखी पसरलेली
एक वेगळीच चरबी.
पांढरी साठवते, ही उधळते.
लोहाने रंगलेली,
जुन्या डबीतल्या तपकिरीसारखी.
वजन उचलत नाही, पाय हलवत नाही,
आलेला दाणा जाळते आणि नुसती ऊब देते.
कुठलाही हिशेबनीस म्हणेल, आतबट्ट्याचा व्यवहार.
पण आईच्या पोटातून गारठ्यात पडलेलं पिल्लू
याच आतबट्ट्यावर पहिली रात्र काढतं.

बाराव्या आठवड्यात उजव्या रांगेतले सहा उघडले.
मला वाटलं होतं, ती झिजलेली असेल.
उलट मोठी झाली होती.
फिकट, लोण्याच्या गोळ्यासारखी.
काचेखाली एकेका पेशीत एकच भलाथोरला थेंब,
बाकी सगळं भिंतीला रेटलेलं.
सरपण इतकं भरलं झोपडीत
की चूल पेटवायला जागा उरली नाही.

मग गार खोली. चार अंश.
साध्या रांगेतले कापसात शिरून झोपले.
एकशे चार थरथरत राहिली.
वहीत त्यासाठी एकच चौकट आहे, हो किंवा नाही.
मी हो लिहिलं.

मे महिन्यात नणंदेकडे इनारीला गेले.
तिकडे त्या वर्षी भर हिवाळ्यात पाऊस पडला,
वर गोठला, आणि खालचं शेवाळ
रेनडिअरांच्या खुरांना मिळेना.
आस्लाक गवताच्या गोळ्या घेऊन हिंडत होता, पुरल्या नाहीत.
एक वासरू बर्फावर जन्मलं, ओलं,
मी हातमोजा काढून त्याच्या खांद्यांमध्ये हात ठेवला:
तव्यावरून नुकती उतरलेली भाकरी.
दुसरं तिथून चाळीस पावलांवर.
त्याच्या खांद्यांमध्येही हात ठेवला.
त्याच्या आईच्या बरगड्या मला लांबून मोजता येत होत्या.
आस्लाक काही बोलला नाही,
त्याने फक्त टोपी कानांवर ओढली.

परत आले तर रौहांनी निळ्या गोळ्या बंद केल्या होत्या.
एकशे चारने दोन दिवस साध्या खाण्याला तोंड लावलं नाही,
जाळीपाशी माझ्या हातांचा वास घेत राहिली.
तिसऱ्या दिवशी खाल्लं.
पुढे काहींचा रंग परतला, पुष्कळसा.
काहींचा नाही.
कोणाचा का, हे रौहांनाही सांगता येत नाही;
त्या म्हणतात, अजून उंदीर लागतील.

माणसातही असते म्हणतात ती,
हसळीच्या वर, मानेच्या बुडाशी, थोडीशी,
गारठ्याने जागी होणारी.
माझ्या घरात बारा महिने तेवीस अंश असतात.
राईची पोळी, वर बोटभर लोणी,
आणि वजनकाटा पलंगाखाली सरकवलेला.

काल रात्री जेवण झाल्यावर
मी स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडली
आणि तिथेच उभी राहिले, बाह्या वर करून.
वेइक्कोने पेपरातून मान वर काढली.
"कोणी यायचंय का?"

म्हटलं, बघू.